मिस्त्रींच्या घरची गळती

"या घरातून एक थेंब बाहेर जाणार नाही!" मिस्त्रींनी बायकोला ठणकावून सांगितलं. "अख्खं आयुष्य गळत्या बंद करण्यात गेलं माझं. एक साधं गुपित बंद करता येणार नाही होय मला?"

हे त्यांनी सांगितलं ते टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं पडून, डोक्यावरून चादर ओढून. गल्लीतल्या कुणी पाहू नये म्हणून! बायको पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "आधी पाय आत घ्या, खिडकीतून दिसतायत," एवढंच म्हणाली.

मिस्त्रींचं वजन उतरवायचं पहिलं ऑपरेशन पूर्वीच झालं होतं आणि ते मुळीच गुपित नव्हतं. उलट त्यांनी त्याचा असा डांगोरा पिटला होता, की विचारू नका. वजन जसजसं उतरत गेलं, तसतसा मिस्त्रींचा आवाज चढत गेला. गिऱ्हाइकाची तुंबलेली मोरी उपसायला जायचे आणि उकिडवं बसून घरमालकिणीला खाण्यापिण्यावर व्याख्यान द्यायचे. जुनी पँट पोटापासून हातभर पुढे ताणून काढलेला फोटो त्यांनी दुकानात, नव्या तोट्यांच्या वर, टांगला होता. नळ घ्यायला आलेला माणूस आधी फोटो बघायचा, मग भाषण ऐकायचा आणि मग कुठे त्याला नळ मिळायचा.

एकटा मेहुणा, तोही नळदुरुस्तीतलाच, तेवढा बधला नाही. "भाऊजी, पोट लहान केलंत, छान झालं," तो चारचौघांत म्हणाला, "पण जीभ तेवढीच राहिली की! वर्षभरात पुन्हा गोल गरगरीत होता की नाही बघा." मिस्त्रींच्या ते फार जिव्हारी लागलं. या माणसापुढे पुन्हा जाड व्हायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आणि झाले! कसे झाले? धंद्यातली अक्कल नडली. जाड असेल ते अडकतं आणि पातळ असेल ते वाहतं, हे मिस्त्रींपेक्षा जास्त कुणाला कळणार? घन काही खाल्लं की दोन घासांत पोट हात वर करायचं. पण आइस्क्रीम वाटीत घेऊन उन्हात ठेवलं आणि वितळल्यावर प्यायलं, तर कुठेच अडत नव्हतं! सर्जनने एवढी मेहनत घेऊन अरुंद केलेल्या वाटेतून मिस्त्रींनी डबेच्या डबे खाली उतरवले. मग एके दिवशी दुकानातला फोटो गुपचूप माळ्यावर गेला, आणि मिस्त्री गुपचूप सर्जनकडे गेले.

"पुन्हा ऑपरेशन करावं लागेल," सर्जन म्हणाले. "जुनी वाट बंद करून नवीन जोड देतो."

"म्हणजे लाइन वळवणार," मिस्त्री म्हणाले. "हे तुम्ही मला समजावताय?"

ऑपरेशनची त्यांना काडीचीही भीती वाटली नाही. भीती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे मेहुण्याला कळलं तर? म्हणून बाहेर सांगितलं, की लांबच्या नात्यात लग्न आहे, आणि चादर पांघरून टॅक्सीने हॉस्पिटल गाठलं. परत आल्यावर सांगितलं, की लग्नात कंबर धरली, आता पडून राहावं लागणार. मेहुणा भेटायला आला, तर बायकोने दारातच अडवलं. "कंबरेला वारा लागता कामा नये म्हणालेत. बोलायचं पण नाही."

"बोलण्याचा आणि कंबरेचा काय संबंध?"

"ते मला काय माहीत? तू दुकान सांभाळ!"

झालं! दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे मेहुणा, मागे मिस्त्री आणि मधे एक दार. मिस्त्रींच्या पोटातून एक बारीक नळी बाहेर काढलेली, तिच्या टोकाला छोटी पिशवी, आणि पिशवीत आतलं पाणी जमायचं. ती लपवायला अंगात ढगळ सदरा. जेवण म्हणजे गाळलेलं, पारदर्शक सूप, तेही चमच्या-चमच्याने. एक चमचा घ्यायचा, थांबायचं, मग दुसरा. वाटी संपेपर्यंत सूप गार व्हायचं आणि मिस्त्री गरम व्हायचे. त्यात पुढच्या खोलीतून मेहुण्याच्या कुरकुरीत काहीतरी चावण्याचा आवाज यायचा! या माणसाला दिवसभर चावायला मिळतं तरी काय, या विचाराने त्यांचं डोकं उठायचं.

आता या सगळ्या बंदोबस्तात एक बारीकशी फट राहून गेली होती. हॉस्पिटलात भरती होताना खिडकीवरच्या मुलीने फोन नंबर विचारला आणि मिस्त्रींनी सवयीने खिशातून दुकानाचं कार्ड काढून दिलं. कार्डावर दुकानाच्या मोबाइलचा नंबर होता. आणि तो मोबाइल आता मेहुण्याच्या खिशात होता.

त्या दिवशी बायको औषधं आणायला गेली होती. मिस्त्री पलंगावर बसून सुपाशी झुंजत होते. तेवढ्यात पुढे फोन वाजला. मिस्त्रींना दाराआडून फक्त मेहुण्याचा आवाज ऐकू आला. पलीकडून काय बोललं गेलं ते त्यांना नंतर कळलं. पण आपण त्यांच्यासाठी कशाला थांबायचं?

"मिस्त्रींचं घर का?" फोनवर हॉस्पिटलची सिस्टर होती.

"मिस्त्रींचंच! बोला!"

"डॉक्टरांकडून बोलतेय. आपण कोण?"

"मी मेहुणा. सध्या सगळं मीच बघतोय."

"बरं झालं. दुसऱ्यांदा काम करावं लागलंय ना, म्हणून डॉक्टर जरा काळजीत आहेत. नळी बघितलीत का आज?"

आता गंमत अशी, की कोपऱ्यावर दातांचे एक डॉक्टर राहायचे. त्यांच्या बेसिनचं काम मिस्त्रींनी एकदा केलं होतं, ते पुन्हा तुंबलं, आणि आजच सकाळी मेहुणा ते दुसऱ्यांदा करून आला होता. त्याला वाटलं, त्यांच्याच घरून फोन आहे.

"नळी ना? सकाळीच बघितली!" तो उत्साहाने म्हणाला.

"पाणी कसं येतंय?"

"पाणी कसलं, गटार म्हणा! काळंकुट्ट! मला नाकाला रुमाल बांधावा लागला."

"काळं? आणि जोडाजवळ गळती वगैरे?"

"धार लागली होती, धार! पण घाबरू नका. मी सुतळी आवळली आणि वरून पांढरी टेप गुंडाळली."

आत मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. सुतळीवर टेप? कुणी शिकवलं या गाढवाला? ओरडून सांगावं, तर पोटातले टाके ताणले जात होते.

"तुम्ही आवळलीत? सुतळी?" सिस्टरचा आवाज चिरकला.

"मग कोण आवळणार? मिस्त्री तर आडवे पडलेत. हूं नाही की चूं नाही. त्याआधी आत तार घातली. चांगली लांब! ढवळ ढवळ ढवळली. केसांचा हा एवढा गुंता निघाला, आणि एक चमचा."

"चमचा?"

"चहाचा! आत कसा गेला देव जाणे! मग ऍसिड ओतलं. असा फेस आला म्हणता! धूर पण निघाला. आता सगळं साफ."

पलीकडे एक ट्रे दाणकन खाली पडला. आत मिस्त्रींनाही घाम फुटला, कारण मेहुणा सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, आणि त्या बेसिनखाली त्यांनी प्लास्टिकची नवी नळी बसवली होती. ऍसिडने तिचं काय झालं असेल?

"ऐका!" सिस्टर किंचाळली. "आता कशालाही हात लावू नका! काहीही घालू नका, काहीही ओतू नका! आम्ही निघालोच!"

"सावकाश या हो," मेहुणा म्हणाला. "तोवर मी उरलेलं ऍसिड ओतून घेतो."

थोड्याच वेळात गल्लीत ॲम्ब्युलन्सचा भोंगा घुमला. मिस्त्री पिशवी सावरत खिडकीशी गेले. कुणाच्या घरी काय झालं, हे बघायला कुणाला आवडत नाही? गाडी शेजाऱ्यांचं दार सोडून पुढे आली आणि थेट त्यांच्याच दुकानासमोर थांबली.

"अरे बापरे, मेहुण्याला काही झालं की काय!" मिस्त्री पुटपुटले. आवाजात काळजी होती, पण थोडी आशाही होती.

सिस्टर दोन दणकट स्ट्रेचरवाल्यांना घेऊन दुकानात घुसली. पाठोपाठ अर्धी गल्ली घुसली.

"ऍसिड कुणी ओतलं?"

"मी!" मेहुणा छाती पुढे काढून म्हणाला.

"आणि तार?"

"तीही मीच घातली. शिकाऊ वाटलो की काय?"

"याला धरून ठेवा," सिस्टर एका स्ट्रेचरवाल्याला म्हणाली. "पेशंट कुठे आहे?"

"पेशंट? इथे कुणी पेशंट नाही बाई. आत आमचे भाऊजी आहेत, पण त्यांना वारा लागू द्यायचा नाहीये!"

सिस्टरने मधलं दार ढकललं. मिस्त्री एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन उभे होते. तिने आधी चमचा हिसकावून घेतला! मग काही विचारायच्या आत त्यांचा सदरा गळ्यापर्यंत वर केला. अख्ख्या गल्लीने दाटीवाटीने दारातून पाहिलं. पोटावर चिकटपट्ट्या, पट्ट्यांमधून निघालेली नळी, नळीला पिशवी आणि पिशवीत फिकट गुलाबी पाणी.

"अहो, हे तर अगदी छान आहे!" सिस्टर गोंधळून म्हणाली. "मग ते काळं पाणी? आणि सुतळी कुठे गेली?"

"सुतळी दातांच्या डॉक्टरांच्या बेसिनला आहे," स्ट्रेचरवाल्याच्या काखेत मान अडकलेल्या मेहुण्याने खुलासा केला. "तुम्ही त्यांच्याच घरून आलात ना?"

मिस्त्रींना सगळा घोटाळा उमगला. ते मटकन पलंगावर बसले. तेवढ्यात औषधांची पिशवी घेऊन बायको आली. दारातली गर्दी आणि नवऱ्याचं उघडं पोट बघून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "कंबर! त्यांची कंबर धरलीय! बाकी काही नाही!"

गल्लीने एकमेकांकडे पाहिलं. त्या पोटाकडे बघून कंबरेवर विश्वास ठेवणारा माणूस त्या गर्दीत एकच होता. मेहुणा मान सोडवून पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि नळी बारकाईने निरखू लागला.

"कंबरेतलं पाणी इथून काढतात होय? कमाल आहे!" तो म्हणाला. "काय काय निघालंय हल्ली!"

बायकोने मिस्त्रींकडे पाहून डोळे मोठे केले. गुपित अजून वाचलं होतं! ज्याच्यासाठी चादर पांघरली, लग्नाची थाप मारली, तो एकटा अजूनही कंबरेतच अडकला होता. मिस्त्रींनी फक्त गप्प बसायचं होतं. दुसरं काही करायचंच नव्हतं.

"पण सिस्टर," मेहुणा पुढे म्हणाला, "हा जोड कुणी केला? पट्टी उलटी गुंडाळलीय. अशाने सुटणार नाही का? भाऊजी, तुम्ही एवढे जाणकार, आणि स्वतःच्या अंगावर असलं काम करू दिलंत? थांबा, मी सरळ करून देतो." आणि त्याने हात पुढे केला.

"कंबर नाही रे गाढवा, पोट आहे, पोट!" मिस्त्री टाक्यांची पर्वा न करता गरजले. "वजनाचं ऑपरेशन! दुसऱ्यांदा केलंय! मोठ्या सर्जनने केलंय! हात लावशील तर तंगडं मोडीन!"

बायकोने डोक्याला हात लावला. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. आता तो बोलणार. चारचौघांत, सगळ्या गल्लीदेखत बोलणार. लाजेने त्यांचे कान तापले.

मेहुणा उठला. गुडघे झटकले. त्याने मिस्त्रींकडे पाहिलंसुद्धा नाही. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावं, तशा गंभीर चेहऱ्याने त्याने सिस्टरला विचारलं, "पहिल्या कामाची गॅरंटी नव्हती का?"

"कामाची होती," सिस्टर म्हणाली. "वापरणाऱ्याची नव्हती."

गल्ली फुटलीच! सगळ्यांत मोठ्याने हसली ती मिस्त्रींची बायको. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली. आणि मिस्त्रींना रागावायचीही सोय राहिली नाही, कारण तुंबलेल्या मोरीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतः हेच उत्तर द्यायचे.

"चला, स्ट्रेचर परत घ्या," सिस्टरने माणसांना सांगितलं. "काका, सगळं व्यवस्थित आहे. घरीच आराम करा."

मिस्त्री उठले. एका हाताने पिशवी सांभाळत, गर्दीतून वाट काढत बाहेर आले आणि स्वतःहून स्ट्रेचरवर आडवे झाले.

"अहो काका, तुम्हाला काही झालेलं नाही!"

"मला न्या, बाई," मिस्त्री डोळे न उघडताच म्हणाले. "इथे मेहुणा आहे."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. एवढा आरडाओरडा केला आहे, तर टाके तपासलेलेच बरे, असा विचार करून सिस्टरने मान हलवली. स्ट्रेचर आत सरकलं, दार बंद झालं, गाडी हलली आणि मिस्त्रींनी सुटकेचा निःश्वास सोडून डोळे उघडले. पेशंटसोबत घरचं कुणीतरी हवं म्हणून मेहुणा पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन आधीच आत बसला होता.