माडाची अट

इचलकरंजीच्या बास्केटबॉल संघातला सगळ्यात भारी खेळाडू म्हणजे एक माड होता, आणि त्याला कोच पसंत नव्हता.

माड मालवणकडचा. ठेंगू जातीचा, म्हणजे फार उंच नव्हे, रिंगेच्या वर हातभर. बुंध्याला नऊ नंबरची जर्सी बांधलेली. मुळं लोखंडी पिंपात आणि पिंपाला खाली चाकं. सामना सुरू व्हायच्या आधी चौघंजण त्याला ढकलत रिंगेखाली आणून उभा करायचे आणि मध्यंतर झालं की पलीकडच्या रिंगेखाली न्यायचे. बाकीच्या चार खेळाडूंचं काम एवढंच, की कसंही करून बॉल झावळ्यांत फेकायचा. मग माड जरासा वाकायचा, बॉल अलगद रिंगेत सोडायचा आणि गॅलरी डोक्यावर घ्यायची सगळं.

रिंगेखाली तीन सेकंदांच्या वर थांबायचं नाही असा बास्केटबॉलचा नियम आहे. माड आला त्याच वर्षी पणजीच्या संघानं त्यावरून आरडाओरडा केला होता. पंचांनी चहा मागवला, विचार केला आणि निकाल दिला, की माड तिथं थांबलेला नाही, तो तिथं राहतो. राहणाऱ्याला थांबायचा नियम लागू होत नाही. त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही.

संघाची मालकीण हौसाक्का मगदूम. शिक्षण चौथी, आवाज मात्र कॉलेजच्या मैदानापर्यंत जाणारा. नवरा गेला तेव्हा मागं दोन गोष्टी ठेवून गेला, सुताला खळ लावायचा कारखाना आणि हा संघ. कारखान्याला तिनं पोरासारखं सांभाळलं आणि संघाला नवऱ्यासारखं, म्हणजे रोज शिव्या घालून.

आणि कोच म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बाळगोंडा. आईबाप लवकर गेले तशी हौसाक्कानं त्याला सासरी स्वतःबरोबर आणलेलं. त्यानं लग्न केलं नाही, घर केलं नाही. गॅलरीच्या खालच्या खोलीत राहायचा, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. भाऊबीजेला पाटावर बसतानासुद्धा त्याला सांगावं लागायचं, "बाळ्या, बूट काढ." तेवढाच दिवस त्याचे पाय हौसाक्काला दिसायचे. मुळ्यासारखे पांढरे.

त्या वर्षी दिवाळी दीड महिन्यावर आणि अंतिम सामना महिन्यावर आलेला असताना, संघाचे सेक्रेटरी कोरगावकर कारखान्यावर आले. इस्त्रीचे कपडे, हातात फोन, चेहरा सुतकी.

"अक्का, नऊ नंबर नाराज आहे."

"कशावरनं?"

"दोन झावळ्या गाळल्या त्यानं."

"अहो, झाड झावळ्या गाळणार न्हाई तर काय वांगी गाळणार?"

"पत्रकारांसमोर गाळल्या, अक्का."

ही गोष्ट साधी नव्हती. माड नाराज झाला की काय होतं ते हौसाक्काला ठाऊक होतं. आधी त्याला पाण्यात मीठ पाहिजे होतं, ते दिलं. मग संघाचा रंग हिरवा पाहिजे होता. तिच्या नवऱ्यानं हौसेनं निवडलेला भगवा रंग उतरवून तोही दिला. मग पंजाबातनं आणलेला ताडमाड उंच पोरगा त्याच्या उन्हात येतो म्हणाला. त्या पोराला फुलांचा हार घालून परत पाठवलं. संघ जिंकत होता, म्हणून कुणाचं काही चाललं नाही. हौसाक्काचंही नाही, आणि हे तिला सारखं टोचायचं.

"आता काय पाहिजे त्याला?"

कोरगावकरांनी खाली बघितलं. "कोच बदलून पाहिजे."

हौसाक्कानं पदर खोचला आणि थेट मैदानावर गेली. माड उन्हात उभा होता. बाळगोंडा पोरांना फेऱ्या मारायला लावत होता.

"काय रे नऊ नंबर," ती बुंध्यासमोर उभी राहून म्हणाली, "काय म्हणणं हाय तुझं? माझ्या तोंडावर बोल."

"माका ह्यो कोच नको," माड म्हणाला.

"का?"

"पळाक लावता."

"सगळ्यांना लावतो," बाळगोंडा धापा टाकत आला. "खेळाडू म्हटलं की सकाळच्या पाच फेऱ्या. इथं लाडका-दोडका कोण न्हाई."

"माका पाय नाय."

"म्हणून तर पोरं ढकलत्यात तुला. तुला कुठं काय करायला लागतंय?"

"माका घेरी येता. शहाळ्यातला पाणी खवळता." माडाची एक झावळी थरथरली. "आणि पणजीवाले इल्ले माका बघूक. समुद्राच्या काठार मैदान बांधतंव म्हणतत. ह्यो कोच तरी रवतलो, नाय तर मी तरी."

कोरगावकरांच्या कपाळाला घाम फुटला. हौसाक्कानं मात्र आवाज चढवला नाही. ती आवाज चढवायची नाही तेव्हाच माणसं घाबरायची.

"बरं. तुला कोच कसला पाहिजे?"

माडानं थोडा विचार केला. "माझ्यासारखो. उभो रवणारो."

दुपारी बाळगोंडा जेवायला आला. हौसाक्कानं भाकरी वाढली, वर ठेचा ठेवला. त्यानं एक तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला.

"अक्का, मला काढ."

"गप जेव."

"खरंच सांगतोय. माड गेला तर संघ गेला. मेव्हण्यांचं नाव गेलं."

"आन् तू गेलास तर?"

"मी गेलो तर संघ राहतोय की." तो भाकरीकडं बघत म्हणाला. "मीच तेवढा राहत न्हाई."

हौसाक्का उठली आणि चुलीपुढं पाठमोरी उभी राहिली, उगीच तवा पुसत. हा भाऊ मैदानाबाहेर कुठं शोभणार, याचा तिनं मनात फेरफटका मारून बघितला. कारखान्यात? खळीच्या वासानं त्याला शिंका येतात. किराणा दुकानात? गिऱ्हाइकाला फेऱ्या मारायला लावेल. कुठंच जागा सापडेना.

"जेव," ती म्हणाली. "संध्याकाळी मीटिंग हाय."

मीटिंग मैदानावरच झाली, कारण माड ऑफिसच्या दारातनं आत जात नव्हता. त्याच्याच सावलीत खुर्च्या मांडल्या. सावली पुरेना, म्हणून कोरगावकर उन्हात बसले.

"माझा निकाल ऐका," हौसाक्का म्हणाली. "कोच बदलायचा न्हाई. बाळगोंडा राहणार."

माडावरनं एक झावळी सुटली आणि कोरगावकरांच्या पायाशी पडली. ते खुर्चीसकट मागं सरकले.

"थांब, पुरं ऐक," हौसाक्का माडाला म्हणाली. "तुला उभा राहणारा कोच पाहिजे का न्हाई? मग ह्योच उभा राहील. आजपासनं पळणार न्हाई अन् कुणाला पळवणार न्हाई."

"उभो म्हणजे मातयेत," माड म्हणाला. "पिंपार उभो रवान चलाचा नाय. पिंपात."

सगळे बाळगोंडाकडं बघायला लागले.

"किती खोल?" कोरगावकरांनी विचारलं. ते व्यवहाराचे पक्के होते.

"घोट्याच्या वर."

"आणि खत? शेणखत चालेल का सेंद्रिय पाकीट आणू?"

"शेणखत," हौसाक्का म्हणाली. "माझ्या भावाला पाकिटातलं काय घालायचं न्हाई." मग ती बाळगोंडाकडं वळली. आवाज एकदम खाली आला. "बाळ्या, तुझ्यावर जबरदस्ती न्हाई. न्हाई म्हणालास तर ह्या माडाला मी स्वतः टेम्पोत घालून पणजीला सोडून येते. संघ बुडू दे."

बाळगोंडानं मैदानाकडं बघितलं. रिंगा, पांढऱ्या रेघा, भिंतीवरचा मेव्हण्याचा फोटो. मग तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

कारखान्यातनं निळं पिंप आणून त्याला चाकं लावली. काळी माती भरली. बाळगोंडा आत उभा राहिला, पोरांनी माती चेपली, हौसाक्कानं तांब्यानं पाणी घातलं. बूट तिनं पिशवीत घालून घरी नेले.

त्यानं चांगलं कोचिंग केलं, हे सगळ्यांनी मान्य केलं. पळणं बंद झाल्यावर त्याचं लक्ष खेळाकडं जास्त लागलं. सुरुवातीला पायाला खाज येते म्हणायचा. मग खाज थांबली. मग एकदा पोरं त्याला सावलीतनं उन्हात ढकलायला गेली तेव्हा तो म्हणाला, जरा हळू, खाली काहीतरी पसरतंय. हौसाक्का रोज सकाळी पाणी घालायला यायची. एक दिवस तिला त्याच्या कानामागं कोवळं तांबूस पान दिसलं. तिनं ते चुरगाळून वास घेतला.

"आंबा हायस तू," ती म्हणाली.

"आपल्या घरामागच्या परड्यातला?"

"तोच. शेंदऱ्या."

बाळगोंडाला बरं वाटलं. त्याला वाटलं होतं निलगिरी निघेल.

अंतिम सामन्यापर्यंत तो चांगला वाढला होता. शिट्टी फांदीला अडकवलेली, ती वाऱ्यानंच वाजायची. पणजीचा संघ तयारीनं आला होता. त्यांनी माडाभोवती कडं केलं आणि बॉल वर जाऊच देईनात. मध्यंतरानंतर आपल्या एका पोराचा पाय मुरगळला. बदली खेळाडू नव्हता, कारण एकेक करून सगळे बदली खेळाडू माडानं नापसंत केले होते. चौघांवर खेळायची पाळी आली. कोरगावकर नखं खायला लागले.

हौसाक्का गॅलरीतनं खाली उतरली. पंचांसमोर जाऊन म्हणाली, "बाळगोंडा पाटील खेळणार."

"तो कोच आहे, अक्का."

"कोच माणूस होता. झाड कोच हाय असं कुठं लिवलंय?"

पंचांनी परत चहा मागवला. लिहिलेलं नव्हतं.

पोरांनी निळं पिंप ढकलत मैदानाच्या मधोमध आणलं. एवढी वर्षं बाहेरनं शिट्ट्या मारून बाळगोंडाला प्रत्येक बॉल कुठनं यायचा ते अंगात मुरलेलं होतं. पहिला बॉल त्यानं फांदीवर झेलला आणि तिथनंच सगळ्या मैदानावरनं उडवला, तो पणजीवाल्यांच्या कड्यावरनं थेट झावळ्यांत. माडानं सोडला रिंगेत. दुसराही तसाच. तिसरा त्यानं माडाला दिलाच नाही, स्वतःच इतक्या लांबनं रिंगेत घातला. गॅलरी ओरडायला लागली, "आंबा! आंबा!" संघ जिंकला. माडानं त्या दिवशी एकही झावळी गाळली नाही.

भाऊबीजेला हौसाक्का ताट घेऊन मैदानावर गेली. कोरगावकर स्टूल घेऊन मागं. भाऊ आता इतका उंच झाला होता, की टिळा लावायला तिला स्टुलावर चढावं लागलं.

"बाळ्या, बूट काढ," ती सवयीनं म्हणाली, आणि तिचं खाली मातीकडं लक्ष गेलं. मग जपून ओवाळलं, पानांना झळ लागणार नाही अशा बेतानं.

दिवाळीत आंबा येत नाही. पण बाळगोंडानं कुठनंतरी एक हिरवीगार कैरी काढली आणि ताटात टाकली. हौसाक्कानं ती डोळ्यांना लावली.

"अक्का, एक बोलायचं हाय."

"बोल की."

"तो माड मला नको."

पलीकडच्या रिंगेखाली माड अगदी स्तब्ध उभा होता. वारा असूनही.

"का?"

"सारखं समुद्राचं काढतोय. आन् त्याची सावली माझ्या अंगावर पडत्या."

कोरगावकर लगबगीनं पुढं आले. "अक्का, मी म्हणतो ऐकावं. त्या सामन्यापासून पोरं आंब्याच्या जर्सी मागतायत. स्टार खेळाडू नाराज असणं आपल्याला परवडायचं नाही. मी पणजीला फोन लावतो—"

"फोन ठेवा खिशात." हौसाक्का स्टुलावरनं उतरली आणि ताट पिंपाच्या काठावर ठेवलं. "बाळ्या, त्यानं तुला नको म्हटलं तेव्हा मी ऐकलं न्हाई. आता तू त्याला नको म्हणतोस, तेबी मी ऐकणार न्हाई. दोघंबी राहणार. मालकीण मी हाय, अन् माझ्या पायात चप्पल हाय."

बाळगोंडाची पानं जरा पडली. पण भावाला बहिणीचा स्वभाव ठाऊक होता. त्यानं परत तोंड उघडलं.

"मग निदान ह्ये सेक्रेटरी तरी. सारखं इकडनं तिकडं पळत असत्यात. बघून घेरी येत्या मला."

"माका पण," पलीकडनं माड म्हणाला.

पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. हौसाक्कानं कोरगावकरांकडं खालनं वरपर्यंत बघितलं. माणूस तसा कामाचा होता. सरळ वाढेल असा.

"कोरगावकर," ती म्हणाली, "उद्यापासनं चप्पल घालून येऊ नका."

कोरगावकरांनी मान हलवली.

"पिंप निळंच ना, अक्का?" त्यांनी विचारलं.