एलरॉयला दिसेल असा झेंडा

कापडाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! उभं आयुष्य तंबू शिवण्याच्या कारखान्यात गेलंय माझं. डोळे मिटून नुसतं अंगठ्यानं चोळलं तरी सांगेन, हे नायलॉन, हे पॉलिएस्टर, आणि हे दुकानदारानं तुमच्या गळ्यात मारलेलं तिसरंच काहीतरी! त्यामुळे जानेवारीतल्या त्या संध्याकाळी माझा नवरा एलरॉय तळ्यावरून रिकाम्या हातानं आला आणि दारात बूट आपटत म्हणाला, "आर्डी, माझे झेंडे बाद झालेत," तेव्हा मला मनातून आनंदच झाला. मासेमारीतलं मला ओ की ठो कळत नाही. बर्फावर बसून गारठायची हौस तर त्याहून नाही. पण झेंडा म्हणजे कापड, आणि कापड म्हणजे आर्डिस!

आमच्याकडे, विस्कॉन्सिनच्या या उत्तरेच्या टोकाला, तळं गोठलं की पुरुष घरात ठरत नाहीत. बर्फाला भोक पाडायचं, त्यावर टिप-अप ठेवायचा. टिप-अप म्हणजे एक लाकडी फुली. खाली पाण्यात गळ, वर वाकवून अडकवलेली पोलादी पट्टी, पट्टीच्या टोकाला झेंडा. माशानं गळ ओढला की पट्टी सुटते आणि झेंडा ताडकन उभा! मग लांब पालथ्या बादलीवर बसलेला माणूस धावत सुटतो. झेंडा दिसला नाही तर मासा गळ, दोरी आणि तुमची अब्रू घेऊन पसार.

एलरॉयची अब्रू त्या दिवशी तशीच गेली होती. डेल्बर्टनं लगेच फोन करून मला बातमी दिली. डेल्बर्ट हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. मनानं लोणी, तोंडानं करवत.

"अगं आर्डिस, झेंडा केव्हाचा वर! आणि तुझा नवरा समोर बघत बसलाय, पुतळ्यासारखा. दिवसाढवळ्या झोपला होता!"

"झोपलो नव्हतो!" एलरॉय माझ्यामागून ओरडला. "त्याला सांग, लाल रंग उडालाय. मागे पाइनची झाडं, त्यात दिसणार काय?"

मी झेंडे बघितले. खरंच, कवळी काढलेल्या हिरड्यांसारखा रंग झाला होता. आणि कापड कुठलं? सुती! "अरे, सुती कापड पाणी पितं, मग गोठतं, मग फुलीला चिकटून बसतं. मासा बिचारा ओढून ओढून दमत असेल! आणि प्लॅस्टिक लावशील तर थंडीत बिस्किटासारखं मोडेल. तू सोड. माझ्यावर सोड."

पातळ, घट्ट विणीचं नायलॉन काढलं, डोंगरावरच्या तंबूंना वापरतात ते. भडक नारिंगी. कडा मेणबत्तीवर भाजल्या, म्हणजे धागे सुटायला नकोत. दुहेरी शिलाई घातली. झेंडा इतका सुबक झाला की एखाद्या छोट्या देशाला देता आला असता! जेवताना तो टिप-अपला लावून टेबलावरच चाचणीसाठी मांडून ठेवला. एलरॉयनं मीठ घ्यायला हात लांब केला, तो मिठाऐवजी थेट टिप-अपला लागला. पट्टी सुटली, आणि कुस्करलेल्या बटाट्याचा गोळा उडून सरळ त्याच्या कपाळावर! पठ्ठ्यानं पापणीसुद्धा हलवली नाही. मला वाटलं, काय धीराचा नवरा मिळालाय मला!

दुसऱ्या दिवशी तो परत आला. "नाही दिसत गं."

"नारिंगी दिसत नाही? अरे, शिकारीला जाणारे नारिंगी जाकीट घालतात ते कशासाठी? हरणं सोडून एकमेकांना मारू नये म्हणून!"

"ऊन होतं ना. डोळ्यावर येतं."

मग मी पोपटी केला. नाही दिसला. पोपटी-नारिंगी पट्ट्यांचा केला. डेल्बर्ट म्हणाला, सर्कस आली वाटतं तळ्यावर! तोही दिसला नाही. मग एलरॉय म्हणाला, "मोठा कर." म्हटलं, घे मोठा! उशीच्या अभ्र्याएवढा केला. झालं! वाऱ्याची झुळूक आली की मासा नसताना झेंडे उभे. "झेंडा! झेंडा!" म्हणून अख्खं तळं धावायला लागलं. डेल्बर्ट धावला, घसरला, पुन्हा धावला, पुन्हा घसरला. शेवटी बर्फावर बसकण मारून म्हणाला, "आता व्हेल लागला तरी मी उठणार नाही!"

घरी माझं डोकं फिरलेलं. कापडाचा अपमान मी सहन करत नाही. त्यात आणखी एक भानगड सुरू झाली होती. हा माणूस माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघेनासा झाला होता! चर्चच्या जेवणात मी समोर बसून बोलतेय, आणि याची नजर माझ्या कानावरून मागे. मागे कोण? मॅव्हिस! विधवा, नुकतेच केस कुरळे करून आलेली, गालावर गुलाबी पावडर. मी खुर्ची सरकवली, ह्याची नजर दुसऱ्या कानावर.  घरी आल्यावर मी भांडी जरा जोरात घासली.

शेवटी एके दिवशी तो म्हणाला, "आर्डी, काळा करून बघ. बर्फ पांढरा, झेंडा काळा. आणखी काय पाहिजे?"

बोलण्यात तथ्य होतं. जुन्या छत्र्यांचं कापड घेतलं. हलकं, पाणी न धरणारं, काळंकुळकुळीत. सकाळी तीन झेंडे, सँडविच आणि थर्मास देऊन त्याला ट्रकमध्ये बसवला आणि हुश्श केलं.

दुपारी दारावरची घंटा वाजली. उघडते तर मॅव्हिस! हातात फडक्यात गुंडाळलेलं मोठं भांडं, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. गुलाबी पावडर पार हनुवटीपर्यंत उतरलेली.

"आर्डिस, अगं एलरॉय..."

"एलरॉयचं काय?" मी करड्या आवाजात विचारलं. माझ्या नवऱ्यासाठी ही बाई का रडतेय?

"तळ्यावरून येताना काळे झेंडे बघितले गं. लोक टोप्या काढून उभे होते रस्त्यावर. मला धीरच होईना. शांतपणे गेला ना?"

"शांतपणे कसला! मोजे सापडत नव्हते. आरडाओरडा करून गेला."

मॅव्हिसनं छातीवर हात ठेवला. "तू होतीस ना जवळ?"

"मीच तर पाठवला. सँडविच देऊन."

"सँडविच?"

"हॅमचं. काळे झेंडे त्यानंच मागितले होते हो. म्हणाला, आता एवढं एकदा कर, मग काही मागणार नाही."

हे ऐकून ती बाई माझ्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. भांडं आमच्या दोघींच्या मध्ये, पोट भाजतंय! तेवढ्यात फोन वाजला. पाद्री होते. शनिवार चालेल का, विचारत होते. कशाला, तर एलरॉयच्या दफनाला! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काळे झेंडे बघून लोकांनी एलरॉय बुडाला असं ठरवून टाकलं होतं! आणि मी जी हसायला लागले! मॅव्हिसला वाटलं, बाई दुःखानं वेडी झाली. तिला खुर्चीत बसवून सगळं समजावलं, तेव्हा तीही डोळे पुसत हसायला लागली.

म्हटलं, ही गंमत एलरॉयला आत्ताच्या आत्ता सांगायची. स्वतःच्या मयताचं जेवण गरमागरम खायला किती जणांच्या नशिबी असतं! मॅव्हिसचं ते नूडल्स-चिकनचं भांडं उचललं, माझी लहान गाडी काढली, काठावर उभी केली आणि बर्फावरून जपून पावलं टाकत निघाले. हसू आवरत नव्हतं. काय काय बोलायचं ते जुळवत होते.

लांबून दिसला तो मला. बादलीवर बसला होता, हात गुडघ्यांत, तोंड भोकांकडे. आणि त्याच्यासमोर झेंडे उभे होते. तिन्ही. चांगले ताठ उभे, वाऱ्यावर फडफडत. पांढऱ्या बर्फावर ते काळे झेंडे मला काठावरून दिसले होते. त्याच्यापासून दगड टाकायच्या अंतरावर होते.

तो हलत नव्हता.

माझ्या तोंडचं हसू कुठे गेलं कुणास ठाऊक. वाटलं, लोक म्हणाले ते खरंच झालं की काय! मी धावले. माझ्या बुटांचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली.

"कोण आहे?"

"मी."

"आर्डी? तू आणि इथे?" तो खूश झाला. "ये, ये. आज काही लागत नाहीये बघ. सकाळपासून एकही झेंडा हलला नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. झेंड्यांकडे बघितलं. पुन्हा त्याच्याकडे. मॅव्हिसचं भांडं हाताला गरम लागत होतं, तेवढंच मला कळत होतं. एका भोकावरची दोरीची चकरी फिरून फिरून रिकामी झाली होती, दोरी भोकाच्या कडेला ताणली होती.

तेवढ्यात पलीकडून डेल्बर्ट आला. त्या दिवशी तो दात उपटून घ्यायला गावात गेला होता. पेट्रोल पंपावर त्याला कुणीतरी सांगितलं, एलरॉय बर्फाखाली गेला. डोक्यावर टोपी नाही, कोटाची बटणं उघडी, गाल सुजलेला, रडत रडत धावत होता. आणि बघतो तर एलरॉय बादलीवर बसलेला! त्याला धड थांबताही येईना. घसरत येऊन एलरॉयच्या समोर उभा राहिला, हातभर अंतरावर. 

एलरॉयनं मान वर केली, थेट त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि अगदी अदबीनं म्हणाला, "नमस्कार. तुमच्याकडे काही लागतंय का आज?"

डेल्बर्टनं माझ्याकडे बघितलं. 

"अरे गाढवा," तो म्हणाला, "मी आहे."

"डेल्बर्ट?" एलरॉय दचकला. "तू रडतोयस की काय?"

"दात दुखतोय."

 डेल्बर्ट एकेका भोकाशी गेला, गुडघ्यावर बसून दोऱ्या गुंडाळायला लागला. एलरॉयनं आवाजावरून ओळखलं असावं. तो हळूच म्हणाला, "किती झेंडे वर होते?"

"सगळे," मी म्हटलं.

त्यानं हातमोज्यांची बोटं ओढली. मग बोलायला लागला. हरणांच्या शिकारीच्या दिवसांपासून, म्हणजे नोव्हेंबरपासून असं होतं. नजरेच्या बरोबर मधोमध डाग. फोटोवर कुणी ओला अंगठा दाबावा तसा. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं.

"आणि ट्रक?" मी एकदम किंचाळले. "ट्रक कसा चालवत होतास?"

"रस्त्याची कड दिसते ना चांगली. कडेकडेनं."

"गेल्या रविवारी मी बसले होते शेजारी!"

"रविवारी रस्त्यावर फारसं कुणी नसतं."

मी त्याला मारणारच होते! पण तो पुढे म्हणाला, "सांगितलं असतं तर तू किल्ल्या काढून घेतल्या असत्यास. मग इथे कोण आणणार मला? म्हटलं, झेंडा बदलून भागतंय का बघू. तू इतकी मन लावून शिवत होतीस, मला वाटायचं, या खेपेला दिसेलही."

"आणि माझं तोंड?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"तुझ्या कानाकडे बघितलं की दिसतं," तो म्हणाला. "थोडं."

मी त्याच्या शेजारी बर्फावरच बसले. मॅव्हिसचं भांडं उघडलं. चमचा आणला नव्हता. डेल्बर्टनं खिशातला चाकू दिला. त्याच्या पात्यावर आम्ही आळीपाळीनं ते मयताचं जेवण जेवलो. डेल्बर्टला चावता येत नव्हतं, तरी जेवला. गंमत काय झाली ते मी एलरॉयला सांगितलं. पाद्रींच्या शनिवारापर्यंत आले आणि पुढे सांगवेना. पुढचं डेल्बर्टनं सांगितलं, त्यानं ऐकलं होतं तेवढं.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या होत्या. त्यांनी एलरॉयचा हात हातात घेऊन सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आणि आहे त्यातलंही थोडं जाईल. कडा मात्र राहतील. परतताना गाडी मी चालवली. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. अर्ध्या वाटेवर त्यानं खिशातून ट्रकच्या किल्ल्या काढल्या आणि आमच्या दोघांच्या मधल्या खाचेत ठेवल्या. मी काही मागितल्या नव्हत्या. 

नारिंगी झेंडे पुन्हा लावले. कापड पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. त्यात कसलीच खोट नव्हती. कधी नव्हे ते वाटलं, खोट निघाली असती तर बरं झालं असतं.

आता मी त्याला नेते. दुसरी बादली घेतली आहे, तिला मीच गादी शिवली. झेंडा उठला की मी ओरडते, माझ्या दंडाला धरून तो चालतो, आणि भोकाशी गुडघे टेकले की दोरी त्याच्या बोटांत. तिथे त्याला माझी गरज नसते. बोटांना सगळं दिसतं.

गेल्या आठवड्यात एक पाइक मासा अगदी भोकाच्या तोंडापर्यंत आला आणि गळ तोडून गेला. एलरॉयच्या हातात नुसती सैल दोरी राहिली. तो तसाच बसून राहिला, पाण्याकडे तोंड करून.

"बघितलास तू?" त्यानं विचारलं.

खरं सांगायचं तर मला शेपटीचा एक फटकारा दिसला होता. पण त्याचा तो चेहरा बघवेना.

"बघितला म्हणजे काय!" मी म्हटलं. "एलरॉय, राक्षस होता राक्षस! डोकं असं, फावड्याएवढं! पाठ तर आपल्या सोफ्याच्या उशीएवढी रुंद! असा मासा या तळ्यात कुणी बघितला नसेल!"

तो ऐकत होता. मान हलवत होता. मग हात पुढे करून त्यानं बर्फातलं भोक चाचपलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश.

"आर्डी," तो म्हणाला, "एवढा मासा यातून वर कसा आला असता?"

मी थर्मास उघडला. "कॉफी घे," म्हटलं, "निवतेय."