कोमट बातमीचे कोठारे

पाकिटं बदलली ती मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोठारेसाहेबांची थट्टा करायला मी कितपत लायक आहे याचा अंदाज तुम्हाला येईल.

त्याचं असं झालं. दोन पाकिटं एकाच टपालाने जायची होती. एकात जाडजूड इंग्रजी अहवाल, तो विलायतेच्या विद्यापीठातल्या आमच्या सहकारी डॉक्टरांना. दुसऱ्यात मी स्वतः लिहिलेलं आणि स्वतःच चितारलेलं मराठी पत्रक, 'हत्तीरोग डासांमुळे पसरतो, पाण्याची पिंपं झाकून ठेवा'. ते शीव कोळीवाड्याच्या पंचांना. बाहेर जिन्यात कारकुनांची मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावर जुंपली होती. एक कान तिकडे ठेवून मी डिंक लावला आणि एकाचा पत्ता दुसऱ्यावर चिकटवला.

काही आठवड्यांनी विलायतेहून उत्तर आलं. आपली निरीक्षणं अत्यंत मोलाची असून सोबतची आकृती विशेष उद्बोधक आहे. ती आकृती म्हणजे मी काढलेला डास. घरी दाखवला तेव्हा आमच्या हिने विचारलं होतं, "हे घुबड कशाला काढलंत?"

मला वाटलं, नोकरी गेली. पण कोठारेसाहेबांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "परुळेकर, विलायतेला काही कळलं नाही. कोळीवाड्यालाही काही कळलं नसणार. म्हणजे दोन्ही पत्रं यशस्वी झाली."

भास्करराव कोठारे हे आमच्या संस्थेचे माहिती अधिकारी. लालबागेत एका गिरणीच्या मागल्या भिंतीला टेकून आमची ही लहानशी वैद्यकीय संशोधनसंस्था उभी होती. आता ती नाही, म्हणून बिनधास्त लिहितो. डॉक्टर वर बसत. खाली जिन्याखालच्या खोलीत माहिती शाखा, म्हणजे दोन टेबलं. मोठ्या टेबलाशी कोठारे, लहान टेबलाशी मी. वरच्यांनी जे शोधलं ते सहकाऱ्यांना आणि जनतेला कळवायचं, हे आमचं काम. ते कळू नये म्हणून कोठारे जो जीव तोडून खटपट करत, तसा जीव वर कुणी रोगावर तोडला असेल असं मला वाटत नाही.

माणूस जुन्या मुंबईचा, पाठारे प्रभू. आजोबा, वडील, सगळे सरकारी कचेऱ्यांतून झिजलेले. गिरगावात खोताच्या वाडीच्या तोंडाशी वडिलोपार्जित बिऱ्हाड, त्यात हे एकटे. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि चालणं असं की पुढचं पाऊल टाकण्यापूर्वी मागच्याची लेखी परवानगी घेत असावेत.

त्यांचा एक सिद्धांत होता. "बातमी कढत देऊ नये, परुळेकर. लोकांची तोंडं भाजतात. कोमट करून द्यावी."

कोमट करण्याची त्यांची पद्धत अशी. मसुदा तयार झाला की तो घेऊन समोरच्या इराण्याकडे जायचं आणि चहा पिणाऱ्यांच्यात बसून मोठ्याने वाचायचा. ऐकणाऱ्याची बशी तोंडाकडे जाता जाता थांबली, तर बातमी कढत. मग तिथेच पेन्सिल काढून त्यात एक 'असे समजते' घालायचे. पुन्हा वाचायचे. अजून कुणाची बशी थबकली तर एक 'तूर्तास'. बश्या न थांबता ओठांना लागल्या, कुणी जांभईही दिली, की समाधानाने म्हणायचे, "आता टाइप करा." तो इराणी बिचारा शेवटपर्यंत समजत होता की हे कुठलीतरी पोथी वाचतात.

सहकाऱ्यांशी पत्रव्यवहार याच तपमानाला चाले. मद्रासच्या एका प्रयोगशाळेने आम्हाला काही नमुने पाठवले आणि एका ओळीत विचारलं, पोचले का? कोठाऱ्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं. आभार होते, परस्पर सहकार्याचं महत्त्व होतं, वाहतुकीतल्या अडचणींवर एक परिच्छेद होता. नमुने पोचले की नाही एवढं मात्र ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मद्रासकरांनी घाबरून पुन्हा नमुने पाठवले. त्यांनाही तसंच उत्तर गेलं. शेवटी त्यांचा एक माणूसच आगगाडीत बसून आला आणि आमच्या कपाटात दोन्ही खोकी पाहून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला चहा देत कोठारे म्हणाले, "तुम्ही उगाच त्रास घेतलात. आम्ही कळवलंच होतं."

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. नाक्यानाक्यावर फळे लागलेले, त्यांवर खडूने रोजची खबर. डिलाईल रोडच्या एका फळ्यावर लिहिलं होतं, 'आज संध्याकाळी जाहीर सभा'. कोठारे थांबले, खाली पडलेला खडू उचलला आणि सुवाच्य अक्षरात पुढे लिहिलं, 'असे समजते'. समितीचा एक धिप्पाड कार्यकर्ता धावत आला.

"ओ काका, सभा आहे की नाही?"

"असावी," कोठारे म्हणाले.

"असावी काय? मीच बोलणार आहे सभेत."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा खात्रीलायक माहिती असणार," असं म्हणून कोठाऱ्यांनी त्याच्या हातात खडू ठेवला आणि चालू लागले. मी मात्र पुढले चार दिवस त्या रस्त्याने गेलो नाही.

मुंबई महाराष्ट्रात यावी की नाही, असं त्यांना सगळ्या कचेरीने मिळून विचारलं. ते म्हणाले, "प्राथमिक निरीक्षणं अनुकूल आहेत." त्याच दिवसांत अश्रुधुरात सापडून त्यांचे डोळे आठवडाभर सुजले होते. मोर्चात होतात का म्हटलं, तर "त्या परिसरात उपस्थिती होती" एवढंच.

एकदा मी त्यांना घरी चहाला नेलं. हिने विचारलं, "साखर बरोबर आहे ना, भाऊजी?" त्यांनी घोट घेतला, छताकडे पाहिलं. "प्रथमदर्शनी ठीक वाटते." ते गेल्यावर ही मला म्हणाली, "पुन्हा आणू नका हं यांना. एवढं तोलून बोलायला मी काय वाण्याचं दुकान मांडलंय?"

तर ते बदललेलं पाकीट. कोळीवाड्याला काही कळणार नाही हा कोठाऱ्यांचा अंदाज चुकला. वाड्यातल्या शाळेचे एक मास्तर होते. त्यांनी तो इंग्रजी अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि वाड्यात सांगितलं की आपण ज्या रक्ताच्या चाचण्या दिल्या त्यांचे सगळ्यांचे निकाल संस्थेत कधीच तयार आहेत. फक्त आपल्याला कुणी सांगितलेले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी कोळीवाड्यातली हिराबाई फाटकात उभी राहिली. डोक्यावर पाटी, हिरवं लुगडं, आवाज थेट वरच्या मजल्यापर्यंत जाणारा.

"आमचं रगत नेलंत, बरं. आमी नाय बोललो नाय. आता माझ्या चंपीचं काय निघालं ते सांगा."

कोठारे बाहेर आले. "बाई, अभ्यास चालू आहे. तूर्तास काही सांगता येणार नाही."

"मास्तर बोलले सगलं लिहून झालंय."

"ते अंतरिम आहे."

"अंतरिम तर अंतरिम. पोरीला हत्तीपाय हाय का नाय?"

मग तिने सांगितलं ते असं. चंपीचं लग्न वरळीच्या कोळीवाड्यात ठरलं होतं, सुपारी फुटली होती. पण हत्तीरोगवाले मुलीचं रक्त घेऊन गेले एवढं वरळीला कळलं आणि मुलाचा मामा अडून बसला. संस्थेकडून काय ते कळू दे, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. त्याने पौर्णिमेपर्यंत मुदत दिली होती.

आता आमचा नियम. विलायतेच्या मंडळींशी करार असा, की दोघांच्या नावाने निवेदन निघेपर्यंत कुणाचाही निकाल कुणालाही सांगायचा नाही. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचा लढा, आत संयुक्त निवेदनाचा. डायरेक्टरसाहेबांनी हुकूम दिला, "परवानगी मागवा." कोठाऱ्यांनी विलायतेला लिहिलं. तिकडून कळलं की विषय समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवू. तिकडेही कुणीतरी कोठारे बसलेला असणार.

हिराबाई काही गेली नाही. तिने फाटकाशीच पाटी मांडली आणि रोज मासळी विकू लागली. अर्धी संस्था तिच्याकडून घेई. येता-जाता कोठारे मान खाली घालत. ती नुसती बघे.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली. त्या दुपारी डायरेक्टरसाहेब स्वतः खाली उतरले. मासळीचे शौकीन. पाटीत चकाकत्या सरंग्यांचा ढीग पाहून वाकले.

"ताजे आहेत का गं?"

हिराबाईने पदर सारखा केला. "अभ्यास चालू हाय, सायेब."

"म्हणजे?"

"तूर्तास काय सांगता येत नाय. परगावची मंडली हायेत, त्यांना इचारून कलवू."

"अगं, हे आजचे की कालचे, एवढंच विचारतोय."

"कलवू ना. दोघांच्या नावानं कलवू."

जिन्यात उभे असलेले कारकून तोंडात रुमाल कोंबत होते. मीही, खोटं कशाला बोलू. साहेब लाल होऊन वर निघून गेले. मी कोठाऱ्यांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

ते सरळ वर गेले, निकाल सांभाळणाऱ्या डॉक्टरांकडे. मी मागोमाग. डॉक्टरांनी नंबर काढून पाहिला. "साफ आहे. काही नाही तिला. पण हे मी बोललो असं बोलू नका."

संध्याकाळी आम्ही बसने शीवला गेलो. वाटेत कोठाऱ्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून एक निवेदन लिहिलं, दोनदा खोडलं. कोळीवाड्यात सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीच्या दोऱ्यांखालून वाट काढत हिराबाईच्या घरी पोचलो. तिथे वरळीचा मामा आलेला, पंच बसलेले. चंपी दाराआड उभी होती. फक्त तिच्या बांगड्या दिसत होत्या, आणि त्या अजिबात हलत नव्हत्या.

कोठाऱ्यांनी टोपी सारखी करून वाचायला सुरुवात केली. "प्राप्त नमुन्यात संशयास्पद असे काही आढळून आले नसल्याचे तूर्तास म्हणण्यास हरकत नसावी, असे समजते."

मामाने पंचांकडे पाहिलं, पंचांनी माझ्याकडे. मी छपराकडे.

"हरकत नसावी म्हंजे?" मामा म्हणाला. "पोरगीला हाय का नाय?"

"तूर्तास..." कोठारे म्हणाले आणि थांबले.

दाराआडून चंपी एक पाऊल पुढे आली. रडून रडून डोळे लाल झालेले, वय वीसही नसेल. कोठाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी घातली, कोटाच्या खिशात टाकली.

"मुलीला काहीही नाही," ते म्हणाले. "रक्त स्वच्छ आहे. लग्न खुशाल करा."

मामाची अजून खात्री पटली नव्हती. "संस्था बोलते का हे?"

"नाही," कोठारे म्हणाले. "मी बोलतो. भास्कर कोठारे. गिरगावात राहतो, उद्या कुणी खोटं म्हणालं तर माझ्याकडे या."

हिराबाईने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो त्यांनी उभ्या उभ्या रिकामा केला.

परतीला बस यायला वेळ होता. थांब्यावर उभ्या उभ्या कोठारे अचानक म्हणाले, "मलाही एकदा असंच विचारलं होतं. ठाकुरद्वारला, मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा. तिच्या वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, पसंत आहे का?"

"मग?"

"विचार करून लेखी कळवतो म्हटलं. पसंत होती हो. चहा घेऊन आली तेव्हाच पसंत होती. पण सुरुवात कशी करावी ते जमेना. लिहिलं, खोडलं. होता होता तिचं दुसरीकडे ठरलं." ते बस येण्याच्या दिशेने बघत राहिले. "माझी ती जांभळं लुगडं नेसलेली आठवते. माझी म्हणजे, ती."

बस आली तेव्हा दोघांची तिकिटं मी काढली.

संस्थेने अर्थातच खुलासा मागवला. करारभंग का केलात? कोठाऱ्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: 'होय, मी सांगितलं, आणि विचारलं तर पुन्हा सांगेन.' एवढं छोटं पत्र कुठल्या फायलीत लावायचं हे कुणालाच कळेना, म्हणून प्रकरण तिथेच राहिलं. विलायतेची समिती बसली की नाही, ते अजून समजलेलं नाही.

पुढल्या आठवड्यात हिराबाई स्वतः येऊन त्यांना लग्नाचं बोलावणं देऊन गेली. दिवसभर कोठारे टेबलावरची एकच टाचणी इकडून तिकडे सरकवत होते. संध्याकाळी निघताना मला हळूच म्हणाले, "परुळेकर, अशा लग्नाला माणूस एकटा गेला तर बरं दिसतं का?"

घरी येऊन मी हे सगळं हिला सांगितलं, कोळीवाडा, ठाकुरद्वार, सगळं. ही तांदूळ निवडत होती. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "एकट्या माणसाला पंगतीत टोकाला कुठेतरी बसवतात. वाढणारा तिथवर पोचेपर्यंत कालवण संपतं. आपण दोघं जाऊ त्यांच्याबरोबर. त्यांना मधे बसवू."