दुसऱ्या अंकातली राणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं, ऱ्हस्व-दीर्घाचा तर आनंदच आहे, ते आधी माफ करा. पण दामलेकाकांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, म्हणून बसले आहे.

नव्वद सालानंतर आम्ही लखनौला महानगर नावाच्या वस्तीत राहत होतो, तेव्हा काका आमचे शेजारी. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, घरात एकटे. रोज दुपारी तीनला ते देवघरातली घंटा तीनदा वाजवत, खोलीभर धूप फिरवत आणि एक संगीत नाटक एकट्याने करत. राजा तेच, प्रधान तेच, पेटीवरही तेच. दारात भाजीवाला आला तर आतूनच सांगत, "भैया, नांदी चल रही है, मध्यंतर में आना." आणि तो खरंच मध्यंतरात यायचा.

मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जात असे. मला ती गाण्यांची नाटकं आवडत नसत, आणि तसले सिनेमेही. माणूस मरायला टेकलं आहे आणि गातंय काय? सिनेमात गाणं लागलं की मी उठून कणीक मळून घेत असे. एकदा हे माझ्या तोंडून निघून गेलं. काका म्हणाले, "अहो सुमनबाई, बोलून सांगता येईनासं झालं की माणूस गातो. असो. प्रेक्षकांनी शांत राहावं."

प्रेक्षक म्हणजे स्वयंपाकघरातली मी.

शांत राहणं मला चांगलं जमतं. म्हणून ऐकू लागले. मग कधीतरी राजाचं पद आलं की हातातलं लाटणं थांबायला लागलं.

दुसऱ्या अंकात त्या पदानंतर मात्र काका गप्प होत. ती राणीच्या पदाची जागा. पेटीवर एकच सूर दाबून धरत, भाता हलवत राहत आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत. चांगली दोन-तीन मिनिटं. मग मान डोलावून म्हणत, "वा." आणि पेटी बंद. तिसरा अंक कधी झालाच नाही. त्या 'वा'ने माझ्या अंगावर काटा यायचा. आमची मुलगी भिंतीपलीकडून ऐकून विचारायची, "मम्मी, अंकल के घर में कोई और भी रहता है क्या?"

शेवटी धीर करून काकांना विचारलं. राणीचं काम त्यांची बायको करायची, सांगलीच्या हौशी मंडळीत. नाटकही तिथल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं, कुठे न छापलेलं.

"शब्द वहीत आहेत," काका म्हणाले. "चाल तिच्या गळ्यात होती. ती गेली आणि मला काही केल्या आठवेना. विचारायला आता त्या मंडळीतलं कोणी उरलं नाही. रोज वाटतं, आज सापडेल."

"मग 'वा' कशाला म्हणता?"

"चाल मी विसरलो. त्यात तिचं गाणं थोडंच वाईट झालं?"

जानेवारीतली एक दुपार. कोहरा इतका दाट की तीन वाजता दिवा लावला होता. राजाचं पद संपलं, तो एकच सूर लागला. पोळी भाजताना मी काहीतरी गुणगुणत होते, माझं मलाच कळलं नाही. पेटी थांबली. काका दारात उभे.

"हे कोणी शिकवलं?"

"तुम्हीच गाता की रोज."

"राणीचं पद मी कधीच गायलो नाही."

तव्यावरची पोळी जळली. काकांनी वही आणून माझ्यापुढे धरली. "शब्द घालून म्हणा."

मी घरातसुद्धा मोठ्याने बोलत नाही. पण अक्षरं जुळवत म्हटलं. एक अक्षर कमी पडलं नाही, एक उरलं नाही. आवाज माझाच होता, तरी सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं. ती चाल माझ्यात कुठून आली, मला आजही सांगता येणार नाही.

काका मोरीच्या कट्ट्यावरच टेकले.

"आता तिसरा अंक करणार?" मी विचारलं.

त्यांनी वही मिटली. "तिसऱ्या अंकात राणी नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या शेवटी ती जाते. पुढे राजा एकटाच आहे."

मी गॅस बंद केला.

"वन्समोर," काका हळूच म्हणाले.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.