तानीच्या शिक्षणाचा आहेर

सतीशरावांनी काम हातात घेतलं की ते तडीस गेलंच म्हणून समजा, असं खुद्द सतीशरावच सांगत. मूळचे धसईचे, राहायला आसनगावला, नोकरी ठाण्यात. वैशाखऱ्याजवळच्या ठाकूरवाडीतल्या तानीचा नर्सिंगला नंबर लागल्याचं कानावर आलं मात्र, त्यांनी तिचं भलं करायचं ठरवून टाकलं.

सरकारी शिष्यवृत्ती मिळणार होती, पण मागाहून. वसतिगृहाचे आणि गणवेशाचे पैसे सोमवारपर्यंत भरायचे होते, नाहीतर जागा दुसऱ्याला. बायको, वंदना, म्हणाली, चार मित्रांना फोन करा, संध्याकाळपर्यंत जमतील. पण चार फोनांत भागणारं काम सतीशरावांना काम वाटतच नसे.

"वर्गणी म्हटलं की आपली माणसं पाठ फिरवतात," ते म्हणाले. "पण आहेर कुणी चुकवत नाय. आपण पोरीला शिक्षणाचा आहेर करायचा!"

झालं! धसईत मांडव पडला. रविवारी, जेवणासकट. टेम्पोवर भोंगा बांधून मुरबाडपासून वैशाखऱ्यापर्यंत पुकारा झाला. भोंग्याने 'शिक्षणाचा' हे अगदी स्पष्ट सांगितलं. पण आहेराला काय न्यायचं असतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

रविवारी माणसांची रीघ लागली. हंडे आले, कळशा आल्या, पराती आल्या, साड्यांचा तर ढीग. मधूनच एखादं पाकीट यायचं, ते आचारी आणि मांडववाला यांच्यातच संपायचं. सतीशराव माइकवरून देणाऱ्यांची नावं पुकारत होते आणि त्यांचा आवाज चढत चालला होता. बायकांनी तानीला खुर्चीवर बसवून हिरवा चुडा भरला. दुपारनंतर म्हातारी माणसं विचारू लागली, नवरा कुठला? तानी दोनदा म्हणाली की मला उद्या कॉलेजला पोचायचंय. माइकपुढे तिचं कोण ऐकणार!

सोमवारी सतीशरावांनी रजा टाकली आणि आहेर विकायला टेम्पो मुरबाडला नेला. एकाही दुकानदाराने हात लावला नाही. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं, आणि आहेराच्या साड्या कोण विकत घेणार! एकाने परात उलटी केली, तिच्यावर आपल्याच मेव्हण्याचं नाव वाचलं आणि सरळ पोलिसांचं नाव काढलं. वंदनाने फोनवर विचारलं, तुम्हीच का नाही भरत? सतीशरावांचा खिसा मांडवात गेला होता. वंदनाने मग शेजारीपाजारी फोन केले, पण तोवर संध्याकाळ झाली होती आणि तानीची जागा गेली होती.

मंगळवारी सतीशराव सगळा आहेर घेऊन वाडीवर गेले. तानीचा बाप मंगळू वीटभट्टीवर राबणारा, कुणाचा मिंधा नसलेला माणूस. त्याने सगळं उतरवून घेतलं आणि कपाळाला हात लावून बसला.

"सायेब, एवढ्या लोकांचा आहेर घेतला. आता लगीन नाय केला, तं उद्या कुनाच्या मांडवात कंच्या तोंडाने जाऊ?"

सतीशरावांनी आहेर परत करायचं सुचवलं. मंगळू त्यांच्याकडे बघतच राहिला. परत केलेला आहेर म्हणजे देणाऱ्याचा अपमान, हे धसईच्या माणसाला ठाऊक नसेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं, त्यामागोमाग तानीचंही. मुलगा चांगला होता, मंगळूच्याच भट्टीवरचा. वाईट सांगायचं तर एवढंच, की तानीला लग्न करायचं नव्हतं. प्रमुख पाहुणे म्हणून सतीशरावांना टॉवेल-टोपी मिळाली, टाळ्याही पडल्या.

तानी पाया पडायला वाकली. उठताना हळूच म्हणाली, "सर, माझी धाकटी भईन सावळी धाव्वीला हाय. हुशार हाय. तिच्यासाठी तुमी काय करू नका."

सतीशरावांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना झेपेल असं काम सांगितलं होतं.