पिवळी काच आधी कोणी लावायची?

दिझीनच्या बर्फाळ डोंगरावर स्की करताना उजेड कसाही बदलो, माझं कधी अडत नाही! माझ्या गॉगलला दोन काचा आहेत. उन्हाला काळी, ढगाला पिवळी. बोटाने दाबलं की एक निघते, दुसरी बसते. त्या शुक्रवारी वर जाताना तारेवरच्या पाळण्यात मी हे नाहीदच्या वडिलांना, होर्मोज आगांना, तीनदा तरी ऐकवलं. कारण उघड होतं. आठ महिने मी नाहीदला मागणी घालत होतो आणि आगांचं एकच उत्तर होतं, आधी एकदा बरोबर स्की करू, मग बघू.

वर लख्ख ऊन होतं. अर्ध्या उतारावर आलो आणि असा ढग उतरला की उंचवटा कुठला, खड्डा कुठला, काही कळेना. सगळं दुधात बुडालेलं. आगांच्या गॉगलला एकच काच, तीही काळीकुट्ट. त्यांना काही झालं असतं तर माझं लग्न तिथेच आटोपलं असतं. मी घाईघाईने पिवळी काच बसवली आणि गॉगल त्यांच्यापुढे धरला.

"आगा, हा तुम्ही लावा."

"छे, फर्शीदजान. तुझी वस्तू, तूच लाव."

आता पहिल्या नकाराला आमच्यात कोणी नकार धरत नाही. दुसऱ्यालाही नाही. मी त्यांचं वय काढलं, त्यांनी माझं तारुण्य काढलं. मी माझ्या आईची शपथ घातली, त्यांनी स्वतःच्या मिशीची. बोटं बधिर झाली तरी कोणी हटेना. शेवटी गॉगल दोघांच्या मधे, बर्फावर, अदबीने ठेवला.

आमच्याबरोबर आलेली नाहीद मागून उतरत आली. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, गॉगल उचलून डोळ्यांवर चढवला, "माझ्या मागे या" म्हणाली आणि निघाली.

आम्ही गेलोही असतो. पण पुढे कोण होणार? हा घोळ मिटेपर्यंत तिचं लाल जाकीट ढगात गडप झालं. मग कोणाचा मान जायला नको म्हणून आम्ही हातात हात घालून एकदमच सुटलो आणि खाली आशच्या, म्हणजे दाट गरम सूपच्या, टपरीमागे लोटलेल्या बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत घुसलो.

मला वाटलं, संपलं सगळं. पण आगा ढिगातून बाहेर आले आणि मिशीतला बर्फ झटकत हसायला लागले. त्यांनी माझा खांदा धरला.

"चाळीस वर्षं येतोय इथे. असा अदबीचा मुलगा पाहिला नाही. नाहीद तुझी."

हेच ऐकायला मी आठ महिने थांबलो होतो. नाहीद वाफाळत्या आशचा वाडगा घेऊन समोरच उभी होती. मला भरून आलं. आणि माझ्या आईने लहानपणापासून वळण लावलेलं माझं तोंड म्हणालं, "छे छे आगा, मी कुठला तिच्या लायक!"

मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत राहिलो. आगा गारठले होते, गुडघा धरून उभे होते, आणि त्यांचा त्या दिवसाचा आग्रह बहुतेक वरच संपला होता.

"बरं," ते म्हणाले, "तू म्हणतोस तर राहू दे."

नाहीदने वाडगा खाली ठेवला. "फर्शीद, तू आत्ता नाही म्हणालास?"

तिच्या विचारण्यात अदब औषधालाही नव्हती.