सुखदेवकाकांचं जोतं

सुखदेवकाका कुणाकडेही गेले की माणसांच्या आधी घराच्या जोत्याला भेटतात. वाकायचं, जोत्यावर बोटांनी टकटक करायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा: "पोकळ हाये."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. काकांच्याच ओट्यावर बसून अभ्यास केला. निकालाच्या दिवशी ते पेढा घ्यायला आले, तेव्हाही आधी जोतं वाजवलं. मग म्हणाले, "पोरगं पक्कं निघालं. जोतं पोकळ हाये."

त्यांचं स्वतःचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. जोत्यावर दिवाळीला केलेली सिमेंटची छपाई, म्हणजे गिलावा, होळीपर्यंत पडलेली असायची. कारण ठरलेलं: "गोसीखुर्दचं पानी." धरण तिकडे लांब पवनीकडे, आमचं गाव एकोडी साकोली तालुक्यात. मी नकाशा दाखवला.

"नकाशात जमिनीखालचं दिसते काय रे?"

काकांचा गुडघा दुखला तरी गोसीखुर्दच.

छपाई पडली की शेजारच्या गावचे रतिराम मिस्त्री यायचे. काका खुर्ची टाकून बसायचे. "रतिराम, थापी जरा हळू फिरव. भिंतीले गुदगुल्या होऊन राहिल्या."

"काका, तुमी चूप बसान तर सिमेंट वाळन."

दोन दिवसांचं काम आठवडाभर चालायचं. दुपारी काका स्वतः लाखोरीच्या डाळीचे वडे तळायचे. वडे जोत्यापेक्षा पक्के असतात, असं रतिरामांचं मत.

एकदा सकाळी दूध आणायला निघालो, तर काका घरामागे वाकून पेचकसानं चांगली छपाई उकरत होते. मला पाहताच पेचकस धोतरात गेला.

"उंदीर पाहून राहिलो होतो."

"गोसीखुर्दचा?"

ते हसले नाहीत. मी रतिरामांना सांगितलं, तर ते विडी पेटवत म्हणाले, "मले कधीचं मालूम हाये. काकू गेल्या, पोरगा पुण्याले. मानूस बोलन कोनासंग?"

यंदा दिवाळीला तो पोरगा आला, जोतं पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, टाइल्सच लावून टाकू. कायमची कटकट मिटेल."

"कायमची?" काकांनी एवढंच विचारलं. त्या दिवशी गोसीखुर्दचं नाव निघालं नाही.

टाइल्स रतिरामांनीच बसवल्या. काम संपलं, मुलगा समाधानानं पुण्याच्या गाडीला गेला. संध्याकाळी काका वाकले आणि एका टोकापासून टाइल्स वाजवत निघाले. सगळ्या ठणठणीत. प्रत्येक टाइलबरोबर त्यांचा चेहरा उतरत होता. मी दुसरीकडे पाहू लागलो.

दाराजवळच्या शेवटच्या टाइलवर आवाज आला: भद.

काकांनी पुन्हा वाजवलं. भद.

रतिराम बादलीत थापी धूत होते. मान वर न करता म्हणाले, "एक पोकळ राहिली वाटते, काका. पुढच्या आठवड्यात येतो पाहाले."

काका सावकाश उठले, गुडघ्यावरची माती झटकली.

"गोसीखुर्द," ते म्हणाले. आणि मग, "वड्यात मिरची कमी टाकू का रे, रतिराम? मागच्या बारीले तुले ठसका लागला होता."